‘हातांना सौम्य’, पण कुणाच्या?



दिवाळीची साफसफाई जवळ आली की भांड्यांच्या लिक्विडच्या जाहिरातींना ऊत येतो आणि ‘हातांना सौम्य’ हे शब्द हमखास कानावर पडतात. हा दावा सरसकट खोटा आहे, असं मी म्हणत नाही. पण त्वचेवर रसायन किती लागतं याचा जो हिशेब तज्ज्ञ मांडतात, त्यात आपल्याकडची भांडी घासायची रीत बसत नाही.

युरोपातल्या साबण उद्योगाच्या ‘हेरा’ प्रकल्पाने हा हिशेब उघडपणे मांडला आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत धरून 1980 चौरस सेंटिमीटर त्वचा आणि तिच्यावर 0.01 सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर, म्हणजे सुमारे 20 मिलिलिटर. समजा 5 लिटर पाण्यात 10 ग्रॅम लिक्विड घातलं, तर त्या थरात येतं जेमतेम 40 मिलिग्रॅम. एका वेळी 45 मिनिटं, दिवसातून तीनदा, इथपर्यंत त्यांनी वेळ ताणली आहे. वेळेत कंजुषी केलेली नाही, हे कबूल करायला हवं.

गफलत होते ती पाण्यात. आपल्याकडे टबभर पाण्यात लिक्विड कालवून त्यात भांडी कोण बुडवतं? सिंकच्या कडेला एक वाटी असते. तिच्यात लिक्विड आणि फार तर तेवढंच पाणी. घरकामाच्या मावशी घासणी त्यात बुडवतात आणि थेट कढईवर चालवतात. तीव्रता 0.2 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर, म्हणजे अडीचशे पट! कोपरापर्यंत हात भिजत नाही, तळवा आणि बोटंच भिजतात, ही सूट दिली तरी फरक प्रचंड उरतो. साबणाची वडी असेल तर पाण्याचा प्रश्नच मिटला. त्यात तारेच्या घासणीने बोटं आधीच खरचटलेली. शाबूत कातडीसाठी मांडलेलं गणित तिथे काय कामाचं?

शिवाय हे एका घराचं झालं. मावशी चार-पाच घरं करतात. इथे लिक्विड, तिथे वडी, मग फिनाईलच्या पाण्यात फडकं पिळणं, कुठे कपडेही. मधे हात कोरडे होतात ते रस्त्यावर चालताना तेवढेच. जर्मनीत दिवसाला 2 तासांहून जास्त ओल्यात हात असले की ते ‘ओलं काम’ ठरतं आणि त्वचा सांभाळण्याची जबाबदारी मालकावर येते. आपल्याकडे 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या अजूनही मावशींच्या स्वतःच्या खर्चाच्या.

‘हातमोजे द्या की!’ असं कुणी म्हणेल. तेलकट कढई मोज्यांतून निसटते, मनगटातून पाणी आत शिरलं की हात आतल्या आत भिजत राहतो. जर्मन नियमात तर 2022 पर्यंत असे मोजे तासन्‌तास घालणंही ओल्या कामातच मोडत होतं.

युरोपात डिटर्जंटच्या वेष्टनावर मुख्य घटक 5 टक्क्यांहून कमी, 5 ते 15 टक्के अशा टप्प्यांत द्यावे लागतात आणि प्रिझर्व्हेटिव्हचं नाव तर प्रमाण कितीही असलं तरी. आपल्या अनेक बाटल्यांवर ‘सर्फॅक्टंट, सुगंध’ एवढ्यावर भागवलेलं असतं. हात सोलवटले तर डॉक्टरांनी कशाची ॲलर्जी तपासायची? भारतीय मानक ब्यूरोने घटकांची यादी सक्तीची करावी. आणि ‘सौम्य’ छापायचं असेल, तर कंपनीने आधी वाटी-घासणीच्या पद्धतीने, पाच घरांचं काम धरून चाचणी करावी आणि तिचे आकडे बाटलीवर द्यावेत.

– एक वाचक, डोंबिवली