पालकांना हक्क कळू द्या, तेही मराठीत आणि लेखी



विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी आपल्याकडे कायदाच नाही, ही तक्रार आता करता येणार नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले; स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही त्यांत आली. मात्र 'समावेशित शिक्षण', 'वाजवी सोय', 'गृहाधारित शिक्षण' हे शब्द शासन निर्णयांत आणि प्रशिक्षणांत फिरत राहतात, पालकांना त्यांचा अर्थ कुणी सांगत नाही. म्हणून माझी मागणी अशी, की विशेष गरजा असलेल्या मुलाची नोंद होताच शाळेने पालकाला साध्या मराठीतला, सही-शिक्क्याचा एक कागद द्यावा. मुलाला काय मिळायला हवे, ते कोण देणार आणि नाही मिळाले तर दाद कुठे मागायची, एवढे त्यात असावे.

हा कागद नसल्याने काय होते, ते दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवरून दिसते. तपासणीनंतर मिळणाऱ्या यूडीआयडी कार्डावरचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावरचा, पट्टा पांढरा असेल, तर दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी. पिवळा असेल तर 40 ते 80 च्या आत. निळा असेल तर 80 किंवा अधिक. पांढरा पट्टा म्हणजे काहीच मिळणार नाही, असे समजून कितीतरी पालक ते कार्ड शाळेत दाखवतही नसतील. वयाच्या 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाच्या हक्काला, म्हणजे 2016 च्या कायद्याच्या कलम 31 ला, 40 टक्क्यांची अट आहे हे खरे. पण मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी त्याच कायद्याचे कलम 16 शाळेवर टाकते आणि तिथे टक्क्यांची अट नाही. परीक्षेत लेखनिकाची सोय 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांनाच, असा अर्थ लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले. हा निकाल आमच्या हर्सूलमधल्या किती पालकांपर्यंत पोहोचला असेल?

गृहाधारित शिक्षणाचे तर आणखी गंभीर आहे. शिक्षण हक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. निवड मुलाची आणि पालकांची. 'मूल वर्गात बसत नाही' म्हणून शाळेने अर्ज पुढे सरकवायचा आणि पालकाने न वाचता सही करायची, असे झाले की त्याच तरतुदीने मूल शाळेबाहेर जाते.

शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे, त्यात हा कागद कशाला, असे कुणी म्हणेल. बोजा मलाही मान्य आहे. पहिली ते पाचवीत दिव्यांग 10 विद्यार्थ्यांमागे आणि सहावी ते आठवीत 15 मागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण केंद्राने 2022 मध्ये ठरवले. त्याप्रमाणे शिक्षक हवेतच. पण छापील नमुना एकदा तयार झाला की शिक्षकाला फक्त तपशील भरायचे उरतात. दुसरा आक्षेप असा, की माहिती मिळाली की पालक भांडायला येतील. अमेरिकेत पालकांना त्यांच्या हक्कांची लेखी सूचना वर्षातून किमान एकदा, शक्यतो त्यांच्या मातृभाषेत, देणे शाळांना कायद्यानेच बंधनकारक आहे. पालक प्रश्न विचारणार, हे तिथे गृहीतच धरले आहे. या कागदामुळे मुलावर 'दिव्यांग' असा शिक्का बसेल ही भीती मात्र मला मनापासून पटते. म्हणून कागद पालकाच्या हातीच द्यावा, वर्गात त्याचा उच्चारही होऊ नये. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो बाजूला बसवून वाचून दाखवावा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार पालक स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. हर्सूलसाठी हे प्राधिकरण म्हणजे महानगरपालिका. तिच्या शिक्षण विभागाने हा नमुना तयार करून येत्या जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच, आमच्या भागातल्या शाळांपासून वाटायला सुरुवात करावी आणि तक्रार कोणत्या टेबलावर द्यायची, तेही त्यावर छापावे.

— एक वाचक, हर्सूल, छत्रपती संभाजीनगर