हो ला हो म्हणजे निष्ठा नव्हे

काम फसले की नेता बदलतात, फत्ते झाले की नेत्याचा सत्कार करतात. दोन्हींमागे एकच समजूत असते: डोके साहेबाने चालवायचे, बाकीच्यांनी हात. ही समजूत खोटी आहे आणि घातकही.

'हाताखालचे शंका काढू लागले तर शिस्त राहणार नाही,' हा तिच्या समर्थकांचा पहिला मुद्दा. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर काय घडले ते त्यांनी आठवावे. दाट धुके होते. केएलएमच्या विमानाचा कप्तान कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक होता. विमान धावू लागले असताना फ्लाइट इंजिनिअरने विचारले, पॅन ॲमचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना? कप्तानाने ठामपणे शंका झटकली आणि पुढे कोणी हरकत घेतली नाही. टकरीत ५८३ माणसे गेली. धुके आणि रेडिओवरचे संदिग्ध बोलणे ही कारणे होतीच. पण अपघात टाळण्याची शेवटची संधी हुद्द्याच्या दबावाखाली निसटली. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट'चे प्रशिक्षण सुरू केले. धोका दिसताच बोलणे हे कनिष्ठाचे कर्तव्य ठरले आणि ऐकून घेणे हे कप्तानाचे. शिस्त त्याने ढळली नाही, बळकट झाली.

दुसरा मुद्दा वेळेचा. 'प्रत्येकाचे ऐकत बसलो तर काम कधी होणार?' टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच साधा कामगारही इशारा देतो. प्रमुख धावत येतो. दोष तिथल्या तिथे सुटला नाही, तर लाइन थांबते. थांबण्यात मिनिटे जातात; दोष पुढे सरकला तर सगळी मेहनत वाया जाते.

तिसरा मुद्दा असा, की यातून तक्रारखोरच माजतील. पण व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट केली यांनी १९८८ मध्येच अनुयायांना दोन कसोट्या लावल्या: स्वतंत्र विचार आणि कामातला सक्रिय सहभाग. मीटिंगमध्ये मान डोलावून नंतर चहाच्या टपरीवर साहेबाची उणीदुणी काढणारा दुसऱ्या कसोटीत नापास होतो. होयबा पहिल्या कसोटीत होतो.

खरा अनुयायी धोका दिसताच तोंडावर सांगतो, पुराव्यानिशी सांगतो आणि पर्याय सुचवतो. निर्णय त्याच्या मताविरुद्ध गेला, तरी त्यात कोणाचा जीव किंवा सचोटी पणाला लागत नसेल, तर तो मनापासून राबवतो. लागत असेल, तर नकार देतो. यासाठी नेतृत्वाइतकीच हिंमत लागते.

पण ही हिंमत कनिष्ठाने एकट्याने कुठवर दाखवायची? वरिष्ठांनी मीटिंगमध्ये आपले मत शेवटी मांडावे. कंपन्यांनी नेतृत्वाच्या शिबिरांवर पैसा खर्च करताना हाताखालच्यांना बोलायचे आणि वरिष्ठांना ऐकायचे शिक्षणही द्यावे. वेळेवर दिलेल्या इशाऱ्याची नोंद बढतीच्या वेळी व्हावी. खरे बोलणारा जिथे मागे पडतो, तिथे उत्तम नेताही आंधळेपणानेच निर्णय घेत असतो.