कळीचे नाव

माझे मामा निवृत्त मराठी शिक्षक. सत्तरी उलटल्यावर ते संगणकावर लिहायला शिकले, तेही इन्स्क्रिप्ट पद्धतीने. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ही त्यातली शिस्त त्यांच्यातल्या मास्तरांना आवडली. समोरच्या भिंतीवर कळफलकाचा तक्ता चिकटवून गावच्या जत्रेवर त्यांचे लेखन जोरात सुरू झाले. वारंवार येणारी वाक्ये एका दाबात उमटावीत म्हणून मी त्यांना एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. हवी ती कळ निवडायची, तिला वाक्य जोडायचे, एवढेच.

मामांनी कंट्रोल धरून 'च' दाबला. पडद्यावर उमटले : 'कंट्रोल + ओईएम वन'.

"अरे बाबा, हा ओईएम कोण?" मामा म्हणाले. "मी तर 'च' दाबला. माझंच काहीतरी चुकलं असणार."

त्यांचे शेवटचे वाक्य मला लागले. चूक माझी होती आणि खजील ते झाले होते.

झाले होते ते असे. कळ दाबली की विंडोज प्रोग्रामला आधी एक क्रमांक कळवते. 'ए'चा 65, एन्टरचा 13, स्पेसबारचा 32. अर्धविरामाच्या कळीचा 186, आणि इन्स्क्रिप्टमध्ये 'च' याच कळीवर असतो. मी डॉट नेटमध्ये लिहीत होतो. तिथे या क्रमांकाला 'टू-स्ट्रिंग' लावले की नाव मिळते खरे, पण ते प्रोग्रामरने प्रोग्रामरसाठी ठेवलेले. 186चे 'ओईएम वन', पेज डाउनचे 'नेक्स्ट', कॅप्स लॉकचे 'कॅपिटल', वरच्या ओळीतल्या 1चे 'डी-वन'. आतल्या खोलीतली ही नावे दर्शनी भागात आणून ठेवणे हा निव्वळ आळस, असे माझे मत आहे. तो आळस मीही केला होता.

यावर अनेकजण करतात तो उपाय म्हणजे स्वतःच एक यादी बनवणे : 186 म्हणजे अर्धविराम, वगैरे. पण हाच 186 जर्मन कळफलकावर दोन टिंबांचा 'यू' असतो, आणि मामांकडे 'च'. मग यादी कोणाची खरी?

आपण गोव्यातल्या लोकांनी तरी या प्रश्नावर अडू नये. रोमन पाटी वाचून बाहेरचा माणूस केप्याला 'क्वेपेम' म्हणतो, डिचोलीला 'बिचोलिम'. पाटीवरची अक्षरे पोर्तुगीज वळणाची आहेत, त्यांचा दोष नाही. गावात कोणाला न विचारता पाटीवर विसंबले की असे होते. कळीचे नावसुद्धा तिच्या गावाला, म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या कळफलकाला विचारावे.

विचारायची सोय विंडोजमध्ये आहे. 'मॅप-व्हर्च्युअल-की' क्रमांकावरून कळीची जागा सांगते आणि 'गेट-की-नेम-टेक्स्ट' त्या जागेचे नाव. फक्त बाणांच्या कळींना 'विस्तारित' ही खूण लावायला विसरू नये. नाही तर डावा बाण उजवीकडच्या अंकपट्टीतला 4 होऊन बसतो, कारण दोघांचा जागेचा क्रमांक एकच. अक्षरांच्या कळींसाठी मी 'टू-युनिकोड-ईएक्स' वापरले. शिफ्ट, कंट्रोल काही दाबलेले नाही असे सांगून विचारले की मराठी कळफलक चालू असताना ते 'च' देते.

कोणी म्हणेल, मग एन्टरलाही मराठी नाव द्या. मुळीच नको! एन्टर, शिफ्ट, कंट्रोल हेच शब्द मामांच्या तोंडी आहेत. तिथे 'प्रविष्ट' लिहिले असते तर त्यांनी पुन्हा विचारले असते, हा कोण? आपल्याकडच्या बहुतेक कळफलकांवर छापील अक्षरे रोमनच असतात, म्हणून मी 'च' सोबत अर्धविरामही दाखवतो. ज्याला जे ओळखीचे, ते त्याने वाचावे.

एक पथ्य मात्र पाळावे. साठवताना क्रमांकच साठवावा, नाव नव्हे. मामांनी मध्येच कळफलक इंग्रजी केला तर नाव बदलेल, कळ तीच राहील. नाव दरवेळी नव्याने विचारून घ्यावे.

हे सगळे करायला मला एक संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी मामांनी कंट्रोल धरून तीच कळ दाबली. पडद्यावर 'कंट्रोल + च' आले, शेजारी कंसात अर्धविराम. "हां, हा आपला 'च'," एवढेच म्हणाले आणि जत्रेकडे वळले.

तुमच्यापैकी कोणी प्रोग्राम लिहीत असाल, तर तेवढी एक संध्याकाळ जरूर द्या. पडद्यावरचे न समजणारे नाव वाचून आपल्याकडची वडीलधारी माणसे प्रोग्रामला नावे ठेवत नाहीत, स्वतःला ठेवतात.