श्वान म्हणजे चार पायांचे बालक नव्हे

"डॉक्टरसाहेब, आमच्या मोतीला खोकला झालाय. नातवाचं सिरप घरात उरलंय. मोतीचं वजनही दहा किलोच आहे. तेवढंच देऊ ना?" इंदूरच्या आमच्या वसाहतीत हा प्रश्न दर हिवाळ्यात मला कुणी ना कुणी विचारतेच. प्रश्नामागे माया असते, यात शंका नाही. तथापि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

वीसएक वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंच्या वृद्ध पॉमेरेनियनसाठी मी वजनाच्या हिशेबाने मात्रा सांगून टाकली. त्या सिरपमध्ये नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिनही आहे, याकडे माझे लक्ष गेले नाही. रात्रभर तो मुका जीव धापा टाकीत घरभर येरझारा घालीत राहिला. सकाळी पशुवैद्यांनी त्याला तपासले. खोकला घशाचा नव्हताच. हृदयाची झडप निकामी झाल्याने तो येत होता. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी त्याला आराम पडला. गोळ्या माणसांच्याच होत्या, परंतु त्या निदानानंतर दिल्या गेल्या. माझे सिरप निदानाआधीच पोहोचले होते.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. मग श्वान तरी चार पायांचे बालक कसे ठरेल? साखरविरहित सिरपमध्ये कधी कधी झायलिटॉल असते. माणसाला ते सोसते. कुत्र्याच्या शरीरात मात्र इन्सुलिन एकाएकी उसळते, रक्तातील साखर कोसळते, झटके येतात, यकृतही निकामी होऊ शकते. मिश्र सिरपमधील पॅरासिटामॉल यकृतावर आणि तांबड्या पेशींवर आघात करते. मांजराला तर त्याची अल्प मात्राही प्राणघातक ठरते. कोरड्या खोकल्यावर पशुवैद्य क्वचित डेक्स्ट्रोमेथॉर्फन देतात. पण ते एकेरी औषध, तपासणीनंतर आणि त्यांनी ठरविलेल्या मात्रेत.

शिवाय खोकला हे लक्षण आहे, रोग नव्हे. श्वासनलिकेचा संसर्ग, तिचे आकुंचन, फुप्फुसाचा विकार, हृदयविकार अशी त्याची कारणे अनेक. आणखी एक धोका आपण विसरता कामा नये. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात, लाळ गळते, आवाज बदलतो, आणि घरच्यांना वाटते की घशात हाड अडकले आहे. अशा वेळी चमचा घेऊन त्या तोंडात हात घालणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळणे होय.

आता थोडे आपल्याच घराकडे पाहू. 2025 साली आपल्याच प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपने वीसहून अधिक बालके दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. तो दोष उत्पादनाचा होता, हे खरे. पण खोकला आला की बाटली उघडायची, ही सवय समाजाला आपणच लावली नाही काय? दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे केंद्र शासनाने त्याच वर्षी पुन्हा बजावले. जे नातवालाच बहुधा नको होते, तेच उरले म्हणून मोतीच्या वाट्याला येते!

म्हणून व्यवसायबंधूंना विनंती अशी की, भिडेखातर मात्रा सांगू नका. "हे माझे क्षेत्र नाही, पशुवैद्यांना दाखवा," असे म्हणण्यात कमीपणा नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालय महूला, म्हणजे आपल्या उंबरठ्यावरच आहे. औषध आधीच पाजले गेले असेल, तर बाटली, पाजलेली मात्रा आणि वेळ यांसह तत्काळ पशुवैद्यांकडे पाठवा. घरी उलटी करविण्याचा प्रयत्न करू देऊ नका. आणि उपचार संपल्यावर उरलेले सिरप टाकून द्यावे, हे वाक्य बालकाच्या चिठ्ठीवरच लिहा. मी ते लिहू लागलो, त्याला आता वीस वर्षे होत आली.