एका दिवसांत उरकलेलें बेट

देशाटनानें चातुर्य येतें, असा आपल्याकडे जुना समज आहे. हा समज ज्या काळीं रूढ झाला त्या काळीं देशाटन पायीं, फार तर बैलगाडींतून किंवा गलबतांतून होत असे. आणि वाटेंतील गांवीं रात्र काढल्यावांचून पुढची वाट धरतां येत नसे. जें कांहीं चातुर्य येई तें बहुधा या मुक्कामांतूनच येत असावें, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. कारण मुक्काम वजा केलेलें देशाटन कसें असतें, याचा अनुभव आम्हीं गेल्या मे महिन्याच्या सुटींत पदरचे पैसे मोजून घेतला. ज्या प्रकाराविरुद्ध आम्ही पुढें लिहिणार आहों त्यांत एक दिवस आम्हीही सामील होतों, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. म्हणजे उच्चासनावर बसून उपदेश करतों असा आरोप आमच्यावर येणार नाहीं.

हकीकत थोडक्यांत अशी. ग्रीस देशाच्या प्रवासांत क्रीट बेटावर आमचा चार दिवस मुक्काम होता. तेथील इराक्लिओ बंदरांतून सांतोरिनी बेटाची एका दिवसाची सहल निघते. या बेटास ग्रीक लोक थिरा म्हणतात. बोटीचें भाडें, बेटावरची मोटार आणि माहिती सांगणारा वाटाड्या, सर्व एकाच तिकिटांत. छापील पत्रकांत ‘किनारा आणि ग्रामीण प्रदेश’ असें ठळक अक्षरांत लिहिलेलें होतें, व त्यांतील दुसऱ्या शब्दानेंच आम्हांस भुलविलें. वेगवान बोटीनें सुमारें दोन तासांत आम्ही पोहोंचलों आणि सायंकाळीं परत फिरलों. बेटावर मिळाले तास सहा. त्यांची वांटणी अशी: इया गांवांत दीड तास, फिरा शहरांत अडीच तास, कामारीच्या काळ्या वाळूवर एक तास, आणि उरलेला एक तास मोटारींत. ग्रामीण प्रदेश म्हणून जें कांहीं आमच्या वांट्यास आलें तें या शेवटच्या तासांत, तेंही कांचेच्या आडून.

एक दिवस थोडा असतो, ही आमची तक्रार नव्हे. तक्रार अशी आहे कीं, या पद्धतीच्या सहलींत किनारा दाखवितात आणि भूमि झांकून ठेवतात. पाहुण्यास बेटाचें चित्र मिळतें, पण बेट कशावर जगलें हें त्यास कळत नाहीं. आणि कळत नसल्यामुळेंच त्याच्या पैशानें तें जगण्याचें साधन नाहींसें होत असतां त्याला चुटपुटही लागत नाहीं.

सांतोरिनीचा इतिहास हा मूळचा तिच्या भूमीचा इतिहास आहे. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं तेथें ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मध्यभाग खचला आणि तेथें समुद्र शिरला. आज प्रवासी ज्या कड्याच्या कांठावर उभे राहून छायाचित्रें काढतात, तो त्या खचलेल्या भागाचा कांठ होय. कांहीं ठिकाणीं तो समुद्रापासून तीनशें मीटर उंच आहे. या कड्यावरचीं पांढरीं घरें जगभर प्रसिद्ध आहेत. परंतु बेटाच्या दुसऱ्या अंगास, पूर्वेकडे, जमीन हळूहळू उतरत समुद्रास मिळते; आणि बेटाचें अन्न पिढ्यान्‌पिढ्या पिकलें तें या उतारावर. सहलीची मोटार या उतारावरून जाते, थांबत नाहीं.

मोटारींतून आम्हांस राखेच्या रंगाच्या शेतांत जमिनीलगत पसरलेलीं हिरवीं वेटोळीं दिसलीं. शेजारच्या एका गृहस्थांनीं तीं रानटी झुडपें ठरविलीं. आम्हीं वाटाड्या बाईंस विचारलें. त्या क्रीटच्या, वयानें आमच्या विद्यार्थिनींएवढ्या. आतांपर्यंत पाठ केलेलें बोलत होत्या. या प्रश्नासरशी त्यांचा आवाजच बदलला. हीं झुडपें नव्हत, द्राक्षाच्या वेली आहेत, असें त्या म्हणाल्या. या बेटावर वारा इतका सोसाट्याचा असतो कीं मांडवावर चढविलेली वेल टिकावयाची नाहीं. म्हणून शेतकरी वेलीस वळवून टोपलीसारखें वेटोळें करतात आणि घड त्या टोपलीच्या पोटांत वाढतात. पाऊस फार थोडा. रात्रीं समुद्रावरून येणारें धुकें सच्छिद्र दगड शोषून घेतो आणि त्या ओलाव्यावर वेल जगते. वेटोळें जुनें झालें कीं कापतात. मूळ तेंच राहतें, त्यालाच नवी वेल फुटते. एकोणिसाव्या शतकांत मुळें खाणाऱ्या एका किडीनें युरोपांतील द्राक्षमळे उजाड केले, तेव्हां येथील मळे वांचले, कारण या जमिनींत चिकणमाती जवळजवळ नाहीं. इतकें त्या सांगतात तों चालकानें घड्याळाकडे बोट दाखविलें, काळ्या वाळूचा थांबा आला, आणि बाई पुन्हा पाठांतराकडे वळल्या.

ही तीन मिनिटें आमच्या सहा तासांत सर्वांत मोलाचीं ठरलीं. आणि तीं कार्यक्रमांत नव्हतीं. वाटाड्यास दोष देण्याची जी रीत पडली आहे ती म्हणूनच आम्हांस अन्यायाची वाटते. बाईंना जें ठाऊक होतें तें सांगण्यास कार्यक्रमपत्रिकेनें त्यांस जागाच ठेविली नव्हती.

दुसरी गोष्ट फिरा येथील जेवणाची. पानांत पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा आला, वर ऑलिव्हचें तेल आणि चिरलेला कांदा. आमच्या सौभाग्यवतींचें माहेर भंडारा जिल्ह्यांतलें. पहिला घांस घेऊन त्या म्हणाल्या, ‘अहो, ही तर लाखोळीची डाळ!’ त्यांची जीभ चुकली नव्हती. सांतोरिनीची ‘फावा’ ही विदर्भांतील लाखेच्याच कुळांतली, तिची चुलत बहीण म्हणावी अशी. ही डाळ त्या बेटावर प्राचीन काळापासून पिकत आली आहे आणि युरोपीय संघानें तिच्या नांवास कायद्याचें संरक्षण दिलें आहे. पत्रकांत मात्र तिचा उल्लेख नव्हता. सूर्यास्ताचा तीनदां होता, आणि आमची बोट तर सूर्यास्तापूर्वींच सुटत होती!

आतां तिसरी गोष्ट, जी आम्हीं पाहिलीच नाहीं. बेटाच्या दक्षिणेस अक्रोतिरी येथें राखेखालीं गाडलेलें नगर आहे. स्पिरिदोन मारिनातोस या पुराणवस्तुसंशोधकांनीं १९६७ मध्यें तेथें खोदण्यास प्रारंभ केला, व १९७४ मध्यें तेथेंच त्यांस मृत्यु आला. तेथें दोन-तीन मजली घरें, सांडपाण्याचीं गटारें आणि धान्याचे रांजण सांपडले. मनुष्यांचे सांगाडे मात्र सांपडले नाहींत, म्हणजे लोक वेळींच निघून गेले असावेत. तेथील एका खोलीच्या तीन भिंतींवर चित्र आहे, तें आतां अथेन्सच्या संग्रहालयांत ठेविलें आहे. त्यांत रंगीत खडक, त्यांवर फुललेलीं लिलीचीं फुलें आणि उडणाऱ्या पाकोळ्या आहेत; माणूस एकही नाहीं. स्फोटापूर्वींच्या त्या रहिवाशांनीं आपल्या घराच्या भिंतींवर आपलें रान रंगवून घेतलें होतें. तेंच रान आज किनाऱ्याच्या दोन थांब्यांमधील अडचण समजून ओलांडलें जातें, याचा आम्हांस विषाद वाटतो.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. थिराच्या नगरपालिकेच्या हद्दींत सुमारें १५ हजार लोक राहतात. सन २०२३ मध्यें तेथें सुमारें ३४ लक्ष पाहुणे आले, म्हणजे दर रहिवाशामागें दोनशेंहून अधिक. त्यांतील सुमारें १३ लक्ष मोठ्या सफरी जहाजांतून कांहीं तासांपुरते उतरलेले. जुलै २०२४ मध्यें अशाच एका गर्दीच्या दिवशीं रहिवाशांनींच आपलें हिंडणें-फिरणें कमी करावें अशी सूचना एका स्थानिक अधिकाऱ्यानें प्रसिद्ध केली, आणि ओरड झाल्यावर ती काढून घेण्यांत आली. पाहुण्यासाठीं यजमानानें घरांत दडून बसावें, हा आतिथ्याचा कोणता प्रकार म्हणावयाचा? पुढें २०२५ पासून सफरी जहाजांतून दिवसास ८ हजारांहून अधिक लोक उतरूं नयेत असें ठरलें, व त्याच वर्षाच्या जुलैपासून ऐन हंगामांत अशा प्रत्येक प्रवाशावर २० युरोंचा कर बसला. बेटावरील शिक्षकांस व डॉक्टरांस राहावयास परवडणारी जागा मिळत नाहीं, अशी तक्रार ग्रीक वृत्तपत्रांत वारंवार येते. कारण खोली पाहुण्यास दिली तर पैसा अधिक मिळतो. द्राक्षमळ्यांचें क्षेत्रही पूर्वीच्या मानानें पुष्कळ घटलें आहे, आणि खडकांत कोरलेले मद्याचे जुने तळघर-कारखाने ठिकठिकाणीं निवासगृहें झाले आहेत. आम्ही शिक्षकाच्या पेशांतले. ज्या गांवांत शिक्षकास बिऱ्हाड मिळत नाहीं त्या गांवाच्या भरभराटीचें कौतुक आमच्यानें होत नाहीं.

यावर तीन आक्षेप येतील, त्यांचा विचार करूं. पहिला असा कीं, हें बेट दरिद्री होतें तें पाहुण्यांनींच सांवरलें. यांत तथ्य आहे. जुलै १९५६ च्या भूकंपानें तेथें पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं, हजारों घरांची पडझड झाली आणि पुष्कळ कुटुंबें बेट सोडून गेलीं. पाहुण्यांच्या पैशानें तें पुन्हा उभें राहिलें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या औषधानें रोगी उठला तें त्याला जन्मभर, वाढत्या मात्रेनें पाजावें असें कोणता वैद्य सांगतो? शिवाय पाहुणा हा बेभरंवशाचें पीक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्यें धरणीकंपांची मालिका सुरू झाली तेव्हां ११ हजारांहून अधिक लोक कांहीं दिवसांत बेटाबाहेर गेले. अशा भूमीवर ज्याची वेल अजून उभी आहे त्याला परत येण्यास कांहीं कारण उरतें.

दुसरा आक्षेप मध्यमवर्गीय कुटुंबाचा, आणि तो आमच्या अधिक जवळचा आहे: आम्हांस सुटी थोडी, पैसा बेताचा, घरीं वृद्ध मातापिता, एक दिवस मिळाला हेंच भाग्य, त्यांत तुम्ही दोष काय काढतां? आम्ही या कुटुंबाची थट्टा करीत नाहीं, आम्हीही त्यांतलेच. परंतु प्रश्न दिवस किती हा नसून त्याची वांटणी कोणीं केली हा आहे. सहा तासांतले दोन फिराच्या दुकानांवर गेले. त्यांतला एक अक्रोतिरीस आणि एक पिर्गोस किंवा एम्पोरियो या आंतल्या गांवांपैकीं एकास देतां आला असता. त्याला अधिक खर्च लागत नाहीं. दुकानदारांशीं असलेला कंपन्यांचा स्नेह मात्र थोडा कमी करावा लागेल.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा: लोकांस हेंच हवें असतें. लोकांस जें दाखविलेंच नाहीं तें त्यांस नको आहे, हें यांनीं कशावरून ठरविलें? आमच्या मोटारींत चव्वेचाळीस माणसें होतीं. वाटाड्या बाई वेलींविषयीं बोलूं लागल्या तेव्हां सर्व मोटार गप्प झाली, आणि झुडपें म्हणणारे गृहस्थ जागेवरून उठून खिडकीशीं आले.

ग्रीक लोकांच्या जुन्या धर्मांत झ्यूस देवाचें एक रूप पाहुण्यांचा रक्षक असें मानलेलें होतें. होमरच्या काव्यांत दारीं आलेल्या परक्यास आधीं जेवूं घालतात आणि मग त्याचें नांव-गांव विचारतात. आपला अतिथिधर्मही याहून निराळा नाहीं. मात्र दोहोंकडे अतिथीवरही बंधन आहे: त्यानें यजमानाचें अन्न ओळखावें, त्याच्या घराची स्थिति पाहावी, आणि त्याच्या सोयीस सोडून राहूं नये. हें बंधन तिकिटाच्या किंमतींत चुकतें होत नाहीं.

तेव्हां वाचकांस आमची विनंती एवढीच आहे. पुढील सुटींत अशा सहलीचे पैसे भरण्यापूर्वीं व्यवस्थापकांस तीन प्रश्न विचारावे. मोटार शेतांत किती वेळ थांबेल? जेवणांत त्या बेटाच्या मातींतलें काय असेल? आणि वाटाड्यास स्वतःच्या मनानें बोलण्यास किती वेळ ठेविला आहे? उत्तरें समाधानकारक नसतील तर पैसे परत खिशांत घालावे, आणि शक्य असल्यास त्यांत थोडी भर टाकून तेथें एक रात्र राहावें. शंभर कुटुंबांनीं हे प्रश्न विचारले तर पत्रकें बदलतील, अशी आमची खात्री आहे. कारण कंपन्यांस आपल्या मतांची पर्वा नसली तरी आपल्या पैशाची निश्चित आहे.