वकील पहिल्याच दिवशी हवा

कर्जत तालुक्यातल्या कळंब परिसरातल्या कातकरी किंवा ठाकूर वाडीवरचा तरुण अटकेत गेला की घरचे आधी उसनवारी शोधतात, मग वकील. तोवर पुष्कळदा रिमांड होऊन गेलेला असतो. वास्तविक १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकावर फोन करूनही विचारणा करता येते. आरोपीने मागितला नाही, म्हणून वकील न देणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये सुकदास खटल्यात ठरवले आणि शिक्षाच रद्द केली. स्वतःचा वकील करायचा असेल, तर कर्जत न्यायालयात नित्य काम करणारा पाहावा. आणि मोफत वकिलाची पाटी पोलीस ठाण्याच्या दारातच, मोठ्या मराठी अक्षरांत, लागली पाहिजे.