‘लळच’ टंकले असता लीळाचरित्र सापडते काय?

संगणकावरील कार्यक्रम माऊसने हुडकून उघडावा की कळफलकावरून त्याचे नाव टंकून उघडावा, हा मराठीच्या अध्यापकाने विचार करण्याजोगा प्रश्नच नव्हे, अशी समजूत आमच्या व्यवसायबंधूंत दृढ आहे. ‘ते संगणकवाल्यांना ठरवू द्या’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. संगणकवाल्यांनी आजवर मराठीसाठी काय काय ठरवले, याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. कृतिदेव फाँटात जतन केलेल्या मजकुरात ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर मराठी दिसतो. यंत्राच्या लेखी तो ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच रोमन अक्षरांचा पुंजका असतो. युनिकोडमध्ये मराठी टंकून शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

हा विषय आताच काढण्याचे कारण व्यावहारिक आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी जुनी यंत्रे टाकून देणे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मराठी विभागांना परवडणारे नाही. ती लिनक्सवर न्यावी लागतात आणि तेथे लाँचर आपणच निवडायचा असतो. लाँचर म्हणजे एक रिकामी पट्टी. कळ दाबली की ती पडद्यावर येते, नावाची दोन-चार अक्षरे टंकली की हवी ती वस्तू समोर येते. तिची जेवढी स्तुती वाचावी तेवढी वेगाची. आमची कसोटी वेगळी आहे: ती पट्टी मराठी वाचू शकते काय?

डीमेनू हा लाँचर हलकेपणाबद्दल नावाजलेला. पण देवनागरीची जुळणी त्याला येत नाही. ‘कविता’ टंकावे तर ‘व’च्या डावीकडे असायची ती वेलांटी उजवीकडे सरकते आणि जोडाक्षरे फुटून हलन्त होतात. ज्याला कविता लिहिता येत नाही तो हलका असला काय आणि जड असला काय! रोफी मात्र अक्षरे पँगो या ग्रंथालयाकडून मांडून घेतो, त्यामुळे ती सुस्वरूप उमटतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात सैल जुळणीचा पर्याय आहे. टंकलेली अक्षरे त्याच क्रमाने, मध्ये इतर काही असले तरी, जुळवली जातात. युनिकोडमध्ये प्रत्येक मात्रा स्वतंत्र चिन्ह असते. म्हणून ‘लळच’ टंकले की लीळाचरित्र, ‘मश’ टंकले की महाराष्ट्र शब्दकोश. ह्रस्व की दीर्घ, हा प्रश्नच उरत नाही. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी ह्रस्वदीर्घाचा विधिनिषेध फारसा बाळगला नव्हता व राज्यकारभार अडला नव्हता. त्याच सवयीचा लाभ येथे अनायासे मिळतो.

सगळेच मात्र इतके सुटसुटीत नाही. खुद्द ‘ॲप’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडात २००८ साली आले. त्यापूर्वी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून काम भागवीत आणि अजूनही पुष्कळ लोक तसेच लिहितात. दिसायला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळी. ‘दऱ्या’मधला अर्धा रही दोन रीतींनी टंकता येतो. विभागाने एक रीत ठरवून लिहून ठेवावी. लाँचर ते आपणहून करणार नाही.

‘फाईलींना रोमन नावे द्या, कटकट मिटेल’, असे सुचवणारे विद्वान आहेत. त्यांनी आमच्याकडची ‘दंडार’ रोमनमध्ये लिहून दाखवावी. द आणि ड यांना तेथे एकच अक्षर. शेवटचा ‘आ’ कोणी एका एने लिहील, कोणी दोन. सहा जणांनी सहा तऱ्हांनी नोंदवलेली दंडारीची ध्वनिमुद्रणे मग सहा दिशांना जातात. शिवाय हा भुर्दंड कोणावर? भामरागडच्या ज्या मुलीची घरची भाषा माडिया, मराठी ही जिची शाळेतली भाषा, तिने मराठी ग्रंथ उघडण्यासाठी इंग्रजी स्पेलिंग घोकावे, हे एम.ए. मराठीच्या वर्गात कोणत्या तोंडाने सांगायचे?

उलट मार्ग सोपा आहे. लिनक्समध्ये प्रत्येक कार्यक्रमाची नोंद एका साध्या मजकूर-फाईलीत असते. तीत मराठी नावाची वेगळी ओळ घालता येते आणि शोधशब्दांचीही. रोफी या दोन्ही ओळी वाचतो आणि मूळ आज्ञेचे रोमन नावही वाचतो, म्हणजे जुन्या सवयीच्या मंडळींचे काही बिघडत नाही. शोधशब्दांत ‘पाणी’बरोबर झाडीबोलीतले ‘पानी’ही लिहावे. हे काम अभियंत्याचे नव्हे, कोशकाराचे आहे, आणि आमचे विद्यार्थी ते एका दुपारी करतील.

राहिला टंकनाचा प्रश्न. लिप्यंतराच्या साधनांना मध्ये एक दुभाष्या कार्यक्रम लागतो आणि काही लाँचर त्याला आत घेत नाहीत. इन्स्क्रिप्टला दुभाष्या लागत नाही: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, कळ दाबली की थेट अक्षर. ‘लळच’ची तिन्ही अक्षरे तर उजव्या हाताच्याच कळांवर आहेत; डाव्या हाताला काम असलेच तर ‘ळ’साठी शिफ्ट दाबण्यापुरते.